घासून गेलेला परिच्छेद

डॉ. वत्सला उमाटे यांचे ‘पायाची माती’ वाचून राज्यातले निम्मे स्थापत्य अभियंते पदवीधर झाले होते. आणि तेच पुस्तक आता खुद्द उमाटेबाईंना ओळखू येत नव्हते.

पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी ते मुक्त परवान्यावर दिले होते: कोणीही वाचावे, वाटावे, बदलावे. पुढे विद्यापीठांनी अशा पुस्तकांचे ‘वाहते पाठ’ केले. वाचकाची नजर जिथे थबकते, जिथून ती मागे फिरते, ती जागा पुस्तक स्वतःच नोंदवी. या नोंदीच्या मापाला ‘अडखळांक’ म्हणत. तो वाढला की वाक्य सोपे होई. तरीही वाढला की गळून जाई. निकाल उत्तम लागत. छापील प्रती केव्हाच रद्दीत गेल्या होत्या.

बाईंच्या घरासमोर मुलींच्या वसतिगृहाचा पाया खणला जात होता. तिथल्या अभियंत्याला, सावळेला, त्यांनी गाठले.

“दीड मीटरवरच थांबलात? ही काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भिंती फाडेल ती.”

“पण मॅडम, हे पुस्तकात नाही.”

“पुस्तक मी लिहिलंय.”

“माहीत आहे ना. पहिल्या पानावर नाव आहे तुमचं.” सावळेने हातातल्या टॅबचा पडदा पुढे केला. “तपासणी समितीही याच्यावरूनच तपासते. पुढच्या सोमवारी काँक्रीट पडणार. त्याआधी पुस्तकात दाखवा, मी काम थांबवतो.”

सातव्या प्रकरणात काळ्या मातीचा परिच्छेद खरोखरच नव्हता. बाईंनी वाहत्या पाठांची यंत्रणा सांभाळणाऱ्या इरफान तांबोळींना फोन लावला.

“कोणी काढला?”

“कोणीच नाही, बाई. अवघड होता. ज्यांच्या मुलखात काळी माती नाही, ती मुलंही तिथंच अडकायची. घासत घासत गेला.”

“मग परत घाला.”

“तुम्हीच घाला, परवान्यानं सगळ्यांना मुभा आहे. सहा दिवस टिकला तर समितीच्या प्रतीत जाईल.”

“आणि नाही टिकला तर?”

“ते वाचक ठरवतात. मला हात लावता येत नाही. यंत्रणेतल्या कोणी मजकूर बदलू नये, अशी अट तुम्हीच तर घालून घेतली होती.”

मंगळवारी बाईंनी चार नेमकी वाक्ये लिहिली. मग सकाळ-संध्याकाळ ते पान उघडून, शब्दन् शब्द, स्वल्पविरामासकट सगळे जागेवर आहे ना, हे त्या पाहत राहिल्या. गुरुवारी दोन वाक्ये उरली. शनिवारी एक. सोमवारी सकाळी तिथे एवढेच होते: ‘काळ्या मातीचा रंग गडद असतो.’

“मुलांना इतकंही जड जातं?” त्यांनी तांबोळींना विचारले.

तांबोळींनी नोंद उघडली. “परीक्षा संपल्यात, बाई. या आठवड्यात त्या पानावर मुलं आलीच नाहीत. नोंद एकाच वाचकाची आहे. रोज सकाळ-संध्याकाळ येतो, प्रत्येक शब्दावर थांबतो, मागे जाऊन पुन्हा वाचतो. इतका अडखळांक मी आजवर पाहिला नव्हता.”

समोर काँक्रीटचा मिक्सर फिरू लागला. बाईंनी चारही वाक्ये पुन्हा लिहिली, पडदा पालथा ठेवला आणि हात पाठीमागे घट्ट धरून खिडकीशी उभ्या राहिल्या.