दिवेलागणीची पाच मिनिटे

मढच्या वळणावर धुक्यातून मेंढरे उतरली आणि उपकेंद्राच्या परिचारिकेची, ऋतिकाची, स्कूटी जागीच अडली. मागून मेंढपाळ गोरक्ष आला. खांद्यावर घोंगडी, आणि काखेत चक्क रक्तदाब मोजायचे यंत्र.

"सिस्टर, तुमच्याकडंच निघालो व्हतो. हे घरचं मशीन खरं बोलतं का?"

घरचा आकडा कच्चा, एवढेच ऋतिका ऐकून होती. घरी कसे मोजावे, हे तिलाही कोणी शिकवले नव्हते. गोरक्षने सांगितले, की आई बानूबाईंचा एक डोळा कधीच गेला, उरलेल्यात मोतीबिंदू पिकला. पण दाब चढा म्हणून शस्त्रक्रिया दोनदा टळली. आता डॉक्टरांनी सात दिवसांच्या, सकाळ-संध्याकाळच्या नोंदींची वही मागितली होती. सकाळचे आकडे बरे होते, संध्याकाळचे चढलेलेच.

ऋतिकाने यंत्राची माहितीपुस्तिका शोधून वाचली आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्यांचे घर गाठले. चूक तिला दारातच ऐकू आली. दंडाला पट्टा बांधून बानूबाई अखंड बोलत होत्या.

"मावशी, आधी पाच मिनिटं गप्प बसायचं. मोजतानाही बोलायचं नाही."

"नाय गं बाई. दिवेलागणीला घर मुकं ठिवू न्हाई. गेलेलं माणूस आत येतंय."

गोरक्ष हसला… पण दाराकडे बघून. त्याचे वडील, घुंगुरकाठी वाजवत मेंढरांमागे फिरणारे यमाजी, दोन वर्षांपूर्वी माळशेजच्या वाटेवर, दाब चढूनच गेले होते.

डोळा हवा तर मौन हवे, अशी ऋतिकाने समजूत घातली, तेव्हा कुठे बानूबाईंनी ओठ मिटले.

एक मिनिट… दोन… गोरक्षची नजर ऋतिकाच्या कपाळावरच्या ओल्या बटेवर थांबली. तिने ती बट मागे सारली नाही. तिसऱ्या मिनिटाला मेंढरांचे रवंथ एकाएकी थांबले. अंगणात घुंगुरकाठी वाजली — मग उंबऱ्याशी. गोरक्षने ऋतिकाचा हात धरला. कोणी निरखून पाहावे, तशी ती काठी क्षणभर थबकली… आणि धुक्यात विरली.

यंत्र घरघरले. एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी.

"तेच व्हते," बानूबाई शांतपणे म्हणाल्या. "माझ्यासाठी न्हाई आले. सून बघाया आलते."

पुढच्या सहाही संध्याकाळी काठी वाजली. आठव्या दिवशी डॉक्टरांनी वही मान्य करून शस्त्रक्रियेची तारीख दिली.

"आता मोजायचं सरलं," अंगणात गोरक्ष म्हणाला. "उद्यापासून कशाला याल तुमी?"

"तुम्हीच सांगा — कशाला येऊ?"

"माझ्यासाठी. सात दिस गप बसून तेच सांगतोय…"

"ऐकलंय मी," ऋतिका म्हणाली. "न सांगता येईन."

आतून बानूबाईंनी जेवायला हाक मारली. दोघे आत गेले. माणसे तीन होती.

बानूबाईंनी पाने चार मांडली होती.