खालची शीर

कोपरहून निघालेली रचना सिस्टर सकाळी साडेसातला ठाण्याच्या हॉस्पिटलात पोचली आणि रोजच्यासारखी ऑपरेशनची हत्यारं मांडायला लागली. चिमटे, कात्र्या, केसासारखा बारीक धागा. बिनखिडकीच्या त्या खोलीत एसीची घरघर आणि स्पिरिटचा वास, एवढंच.

टेबलावर दिवा गावात राहणारी शेवंती होती. वय चौतीस. उजवं मूत्रपिंड केव्हाच सुकलेलं. उरलेल्या डाव्याला रक्त नेणारी धमनी इतकी अरुंद झालेली, की पाच-पाच गोळ्या घेऊनही बीपी दोनशेच्या खाली उतरत नव्हतं. स्टेंट टाकून झाला, तोही बंद पडला. आज मांडीतली शीर काढून रक्ताला नवी वाट करून द्यायची होती.

"सिस्टर, माझी सान्वी पहिलीत आहे हो. मला डायलिसिसवर नाय जायचं."

"नाही जाणार तू," रचनाने तिचा हात दाबला.

भूल चढली. शेवंतीचे डोळे मिटले. आणि मिटल्या डोळ्यांनीच ती बोलली... खरखरीत, थकल्या म्हातारीच्या आवाजात.

"डावीकडं दोन हायेत... खालची कापू नका..."

भूल देणाऱ्या रसिका मॅडमचा हात थबकला. सर्जन प्रशांत हसले. "भुलीत माणसं काहीही बडबडतात. स्कॅनमध्ये एकच धमनी आहे."

पोट उघडलं. मूत्रपिंडाभोवती सगळं घट्ट चिकटून बसलेलं. डॉक्टरांनी हात पुढे केला.

"कात्री."

रचनाने कात्री उचलली, पण तिच्याच्याने ती देववेना. मानेमागे कुणीतरी गार श्वास सोडत होतं. मागे तर नुसती भिंत होती.

"सिस्टर?"

"सर... आधी एकदा बोटाने चाचपून बघा ना."

वीस वर्षांत ती असं कधी बोलली नव्हती. डॉक्टरांनी रोखून पाहिलं, मग बोट आत घातलं.

"खाली दुसरी आहे," ते पुटपुटले. "बारीक आहे... पण उडतेय."

इतके दिवस त्याच शिरेने मूत्रपिंड जगवलं होतं. कात्री चालली असती तर सगळंच संपलं असतं.

ती जपून त्यांनी नवी शीर जोडली. शेवटचा टाका पडला, चिमटा सुटला आणि फिकट पडलेलं मूत्रपिंड बघता बघता गुलाबी झालं. नळीत लघवीचे थेंब टपटपू लागले.

"बीपी एकशे तीस!" रसिका मॅडम ओरडल्याच. मास्कच्या आड रचना रडत होती, हसतही होती.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीवाला मयूर वॉर्डात मशीन घेऊन आला. शेवंतीच्या कुशीवर ते टेकवताच रक्ताचा भरदार आवाज घुमला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

रचनाची बोटं सवयीने शेवंतीच्या मनगटावर गेली. नाडी जलद होती, शंभराच्या वर. मशीनमधला ठोका मात्र संथ होता... फार संथ, थकल्या म्हातारीच्या काळजासारखा.

मयूरने गुपचूप आवाज बारीक केला.

"छान चाललंय ना, सिस्टर?" शेवंतीने हसून विचारलं.

"हो," रचना म्हणाली. तिने मनगट सोडलं नाही.