पाटीवर फोडलेला शेवट

ट्रामचा घोडा गिरगावात वाचनालयासमोरच अडून उभा राहिला, म्हणून अंबिका ट्राममधून उतरून सावलीसाठी पायरी चढली. दारात काळी पाटी टांगलेली होती. तिच्यावर खडूनं लिहिलं होतं : ‘नव्या शास्त्रीय कादंबऱ्या. मंगळावरील पाणपोई – उन्हाळ्यात वाचावी. लेखकाला गणित येत नाही, पण माणसं कळतात.’

तिला हसू आलं. “हे कोणी लिहिलं?”

टेबलामागचा सडपातळ ग्रंथपाल दचकून उभा राहिला. “मी… चिंतामणी. काही चुकलंय का?”

“नाही हो. मंगळावर पोचायला किती वेळ लागतो?”

“तीन प्रकरणं.”

ती हसली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाहेर घंटा वाजली, टापा ऐकू आल्या.

“तुमची ट्राम… गेली.”

“जाऊ दे. चौथं प्रकरण दाखवा.”

त्या दिवसापासून ती दर शनिवारी येऊ लागली. मुलींच्या शाळेत शिकवायची. वय एकोणीस. वडील सुधारक, म्हणून लग्नाची घाई नव्हती. घाई होती ती शेजाऱ्यांना. विलायतेच्या बोटीनं नवं काही आलं, की चिंतामणी पाटीवर दोन ओळी लिहायचा. ओळी सगळ्या सभासदांसाठी असत, निदान तो स्वतःला तसं सांगत असे.

मग हरेश्वर सभासद झाला. कायद्याचा विद्यार्थी, सोनेरी काड्यांचा चष्मा, पायांत करकरणारे बूट. एक नवी कादंबरी पंधरा दिवस घरी ठेवून त्यानं परत आणली, आणि न विचारता खडू उचलून पाटीवर लिहिलं : ‘निद्राहीन नगर. अद्वितीय! अद्वितीय!! – हरेश्वर.’

“दोनदा अद्वितीय!” अंबिका म्हणाली. “तुम्ही असं कधी लिहीत नाही, चिंतामणराव.”

“मला तसं काही सापडत नाही.”

“काहीच नाही?”

त्यानं मान खाली घालून नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘निद्राहीन नगर’ लिहिलं. टाक इतका दाबला की कागद फाटला. ती पुस्तक घेऊन गेली, आणि आठवडाभर त्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र… ती दिव्याशी बसली आहे, नि पान उलटता उलटता त्या सोनेरी चष्म्याची आठवण काढते आहे. हरेश्वरच्या बुटांचा आवाजसुद्धा त्याला सहन होईना.

शुक्रवारी हरेश्वर टेबलावर रेलून म्हणाला, “तुम्ही आपले म्हणून सांगतो. अंबिकेला आमच्याकडून मागणी गेलीय. वडील म्हणाले, मुलगी ठरवेल. रविवारी उत्तर येईल.”

“वा,” चिंतामणी म्हणाला. “वा, वा.”

तो गेल्यावर चिंतामणीनं ग्रंथपालानं कधी करू नये ते केलं. ‘अद्वितीय’च्या खाली लिहिलं : ‘शेवटी तो रसायनशास्त्रज्ञ वेडा होतो, आणि त्यानंच जागं ठेवलेलं शहर त्याला जिवंत पुरतं.’

शनिवारी अंबिका पाटीसमोर बराच वेळ उभी राहिली. मग आत आली.

“हे तुमचं अक्षर.”

“हो.”

“पुस्तक माझ्याकडे आहे, हे ठाऊक होतं?”

“…हो.”

वर्तमानपत्रांच्या टेबलाकडून हरेश्वर हसत पुढे आला. “मनावर घेऊ नका हो! कुणीतरी यांना फसवलंय. शेवट गोड आहे, नायकाचं लग्न होतं.”

“असं?” अंबिकेनं पुस्तक टेबलावर ठेवलं. “विलायती पुस्तकांची पानं कडेला जोडलेली येतात. पहिल्या वाचकानं ती कापायची, ही इथली रीत. पहिले वाचक तुम्ही. मग अठ्ठेचाळिसाव्या पानापुढची सगळी पानं मला कशी कापावी लागली?”

हरेश्वरनं चष्मा काढला, पुसला. “परीक्षेची गडबड होती…”

“पंधरा दिवस? काल वाचून संपवलं मी. शेवट पाटीवर आहे तोच आहे.”

बूट करकरत बाहेर गेले. या खेपेला चिंतामणीला तो आवाज गोड लागला.

“आता तुम्ही,” अंबिका वळून म्हणाली. “पानं बंद होती, तर तुम्ही कसं वाचलंत?”

खाली मान घालून त्यानं एक कोरं पुस्तक घेतलं, जोडलेली पानं बोटांनी फुगवली, आणि एक डोळा मिटून नळीत डोकावावं तसा आत डोकावला. “ग्रंथपालानं कापायची नसतात ना… म्हणून असं.”

“सगळी पुस्तकं?”

“सगळी. मान दुखते.”

ती इतकी हसली की पेपर वाचणारे दोन पेन्शनर खाकरले. मग हसू ओसरलं. “आणि शेवट का फोडलात? मी अर्ध्यावर असते तर?”

“तुम्ही अर्ध्यावरच असाल असं वाटलं होतं,” तो म्हणाला. “पुस्तक नासावं म्हणूनच लिहिलं. हरेश्वरनं वाखाणलेलं काही तुम्हांला आवडू नये म्हणून. मला मत्सर वाटला… फार. क्षमा मागायचंही तोंड नाही.”

“तोंड आहे,” ती हळूच म्हणाली. “वापरत नाही तुम्ही. उद्या मी त्यांना नाही म्हणणार. बाबा विचारतील, मग कोण? मी काय सांगू?”

त्यानं टाक उचलला, ठेवला. “उद्या… वाचनालय उघडं असतं.”

“बंद ठेवा.” एवढंच बोलून ती गेली.

नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या दाराला रविवारी कुलूप लागलं. चिंतामणी गिरगावापासून चिंचपोकळीला अंबिकेच्या घरापर्यंत चालत गेला. वाटेत त्यानं भाषण तयार केलं : आधी घराणं, मग शिक्षण, मग पगार, आणि मुख्य गोष्ट चहा झाल्यावर. भायखळ्यापर्यंत ते पाठ झालं. दार अंबिकेच्या वडिलांनी उघडलं, आणि तो सगळं विसरला.

“मला अंबिकाबाईंशी लग्न करायचं आहे,” तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. “त्यांना हवं असेल तर.”

वडिलांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आतून कुणीतरी फुटणारं हसू पदरानं अडवल्यासारखा आवाज आला.

“बरं,” वडील म्हणाले. “पण आपण कोण?”