अधांतरी चंद्र

प्रयोगशाळेच्या पडद्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा रंगमंच उजळला. तुटका मुकुट, कागदी कावळे, लाल छत्री आणि वर अधांतरी तरंगणारा रुपेरी चंद्र. तीन वर्षांपूर्वीच्या एका रॉक गाण्यासाठी स्वतःच रचलेलं नेपथ्य शलाका मोकाशीने जसंच्या तसं पुन्हा उभं करून चित्रित केलं होतं. तेव्हा त्याच चंद्रावर बसून गिटार वाजवताना तिचा धाकटा भाऊ तन्मय चंद्रासकट खाली कोसळून मरण पावला होता.

"परत एकदा सांगा, डॉक्टर," शलाका म्हणाली.

"सोपं आहे," डॉ. तांबोळी म्हणाले. "पोराने बरणी फोडली, की ते घरभर बघतं, फक्त बरणीकडे बघत नाही. अपराधी नजर एक जागा टाळते. आपलं हे दृष्टिवेधक यंत्र ती जागा हेरतं आणि चित्रफितीतली तेवढीच वस्तू मोठी करत जातं. जितकी टाळाल, तितकी वाढेल."

"मग विराजसपुढे चंद्रच वाढणार. 'आणखी एकदा घेऊ' म्हणून सतरा वेळा तन्मयला वर चढवलं त्याने. हे मी जगाला दाखवीन. त्याला पुन्हा कुठे गाता येऊ नये!"

नवी चित्रफीत बघायला म्हणून बोलावलेला गायक विराजस आला, खुर्चीत बसला. गाणं सुरू झालं. शलाका दात आवळून चंद्राकडे बघत राहिली. तो तसूभरही वाढेना. काहीच वाढेना. विराजस गाणं संपेपर्यंत चंद्राकडेच बघत होता. गाल ओले झाले होते.

"रोज बघतो गं मी हे," तो म्हणाला. "मीच चढवलं त्याला."

"नाटक्या मेला! डॉक्टर, यंत्र बिघडलंय तुमचं."

"मग तूच बसून बघ," डॉक्टर म्हणाले.

ती तरातरा जाऊन बसली. मुकुट, कावळे, छत्री, चंद्र, सगळ्यांकडे तिने ताठ मानेने पाहिलं. सगळे होते तेवढेच राहिले.

"बघा! म्हटलं नव्हतं?"

इतक्यात चंद्राच्या वर एक बारीक रेघ उमटली. रेघेची दोरी झाली, दोरीचा खांब.

"ही काय, तार?" विराजस पुटपुटला. "ही तर कॅमेऱ्यात कधी दिसलीच नव्हती."

दिसू नये म्हणूनच शलाकाने तेव्हा जाड तार काढून ही केसाएवढी बारीक तार लावायला लावली होती, आणि तीच तुटली होती. चंद्र अधांतरी वाटला पाहिजे, हा तिचा हट्ट होता.

तिने मान फिरवली. पडद्यावर तारेशिवाय काहीच उरलं नाही.