कोपरखळीचं कार्ड

"माझ्या भावानं विष घेतलं. ते घ्यायची पाळी त्याच्यावर कुणी आणली, तेवढं शोधा," बहीण म्हणाली आणि तिनं एक कार्ड टेबलावर ठेवलं.

खाजगी तपास करणाऱ्या वहिनींनी ते वाचून मदतीला असणाऱ्या आपल्या दिराकडे सरकवलं. तिचा भाऊ शब्दकोशाच्या कचेरीत मुद्रितं तपासायचा. कार्डावर होतं: 'कोपरखळी. मूळ अर्थ, शेजाऱ्याला कोपरानं हळूच ढोसणं. त्यावरून, आडून मारलेला टोमणा.' खाली पेन्सिलीनं, मुद्दाम वाकड्या अक्षरात उदाहरण: 'नवे बूट घालून तो रोज आरशासमोर नवरदेव होई, नवरीचं साहेबांशी काय चाललंय हे जाणणारे एकमेकांना कोपरखळ्या मारत.'

"नवरी म्हणजे तिथलीच टंकलेखिका, तिच्याशी त्याचं लग्न ठरलं होतं," बहीण म्हणाली. " मी कुणाचं नाव घेत नाही हं. संपादक तिला घरापर्यंत सोडायचे, एवढंच सांगते."

ती जाताच दीर म्हणाला, "वहिनी, संपादकच! उघड आहे."

"तुम्हाला सगळंच उघड असतं, भावोजी. चला."

संपादक वैतागलेले होते. "उदाहरण कुणीही भरावं, नाव घालू नये, ही इथली रीत. निवडताना वशिला नको म्हणून. मग कार्डांचा गठ्ठा तो घरी नेऊन तपासायचा. आता बोभाटा झालाय. कोशमंडळ उद्या टंकलेखिका बाईंना काढणार."

"त्याचे नवे बूट पाहिलेत?"

"बूट? फाटकी चप्पल घालायचा तो."

टंकलेखिकेचे डोळे सुजले होते. "बूट मला माहीत नाहीत. घरी त्यांनी मला नेलंच नाही. ताईंना आवडणार नाही म्हणाले."

दुसऱ्या सकाळी वहिनींनी तिघांना कचेरीत बसवलं.

"ते बूट इथं कुणीच पाहिले नाहीत. आरशासमोरचा नवरदेव फक्त घरात दिसायचा. कार्डंही घरी यायची," त्या बहिणीकडे वळल्या. "हे उदाहरण तुम्हीच लिहिलंत. आणि माझ्याकडे येऊनही तेच केलंत. नाव न घेता ढोसलंत."

दिराला स्वतःचीच लाज वाटली. तो पहिल्याच फटक्यात फसला होता.

बहीण डगमगली नाही. "वीस वर्षं त्याचं केलं मी. लग्न मोडलं असतं की झालं होतं. मरायला कुणी सांगितलं होतं त्याला?"

संपादक घाईघाईनं म्हणाले, "बाई, तुमची नोकरी राहील."

टंकलेखिकेचं तिकडे लक्षच नव्हतं.

"आदल्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले होते," ती म्हणाली. "मला एका शब्दानं विचारलं नाही. खरंच मानलं त्यांनी."