तागाची छाती

उमरावबाई रनाळ्याच्या कुंभाराकडे माठ घ्यायला गेली, तर अंगणात घोटाभर चिखल तुडवत जो माणूस उभा होता, त्याला तिने आठवड्यापूर्वीच नकार कळवला होता.

सुभाषचंद. धडगावच्या घाटात मिठाच्या गाड्या नेणारा. तिच्या थोरल्या बहिणीचा, पानीबाई जीजीचा नवराही तेच करायचा. घाटात वाटमाऱ्यांची गोळी लागली आणि एकोणिसाव्या वर्षी पानीबाईच्या बांगड्या गेल्या. तेव्हाच उमरावबाईने बापूजींना सांगितलं होतं, घाटात जाणारा नको.

"मडकी घडवायला लागलात वाटतं?" ती भिंतीकडे बघत म्हणाली.

"नाही... छाती घडवतोय."

चिखलाच्या ढिगापुढे त्याने जाड फळी टांगली. तागाच्या कापडाचे साठ थर, डिंकात भिजवून, दगडाखाली दाबून वाळवलेले. लढाईमुळे लोखंडाचा पत्रा मिळत नव्हता. सरस हाडांचा, लाख किड्यांची. जैनाच्या घरात दोन्ही वर्ज्य. म्हणून त्याने सालईचा डिंक जवसाच्या तेलात कढवला होता.

शेतराखण करणारा करणसिंग ठासणीची बंदूक भरत होता. "शेठ, चिखल कसाले? भोपळा बांध ना."

"भोपळ्याला माणूस समजून गोळी घातली, तर पाप माणसाचंच लागतं."

उमरावबाईने हसू पदराआड दाबलं.

बार झाला. गोळी फळीतच अडकली. करणसिंगने मिशीला पीळ दिला. ती मात्र पुढे गेली, फळी बाजूला केली आणि चिखलातल्या खड्ड्यात बोटं घातली. चारही बुडाली.

"कापड वाचलं. बरगड्या गेल्या."

सुभाषचंद वाकला. मागचे थर पापडासारखे सुटले होते.

"नुसते चिकटवलेत," ती म्हणाली. "गोधडी कुणी चिकटवतं? आरपार टाचायची असते."

"टाचणार कोण?"

"नकार तुम्हाला दिलाय... कापडाला नाही."

पंधरा दिवस दोघी बहिणी दाभण-सुतळी घेऊन बसल्या, उभे टाके, आडवे टाके. कुणासाठी, हे पानीबाईने विचारलं नाही. फक्त प्रत्येक टाका दातांनी ओढून घट्ट करत राहिली. मग सुभाषचंदाने टाचलेले थर डिंकात मुरवले, वाळवले, आणि कुंभाराच्या अंगणात पुन्हा सगळे जमले.

बार झाला. उमरावबाईने खड्डा पाहिला. बोटाचं एक पेरही बुडत नव्हतं. तिने पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं, आणि त्यालाच नजर खाली घ्यावी लागली.

"करणसिंगभाऊ," तो म्हणाला, "त्याच जागी अजून एक."

"ऱ्हाऊ दे ना शेठ. पोर खूश शे."

"म्हणूनच."

दुसरी गोळी फळी फोडून गेली. चिखलात मनगट जाईल एवढं भोक पडलं.

"एक गोळी थांबते," सुभाषचंद म्हणाला. "दुसरीचं मला सांगता येत नाही. वर पाड्यांवर माणसं मिठाची वाट बघतात, मी जाणार. हे लपवून तुमचा होकार... नको होता."

उमरावबाईने फुटलेल्या थरांवरून हात फिरवला. आतला ताग अजून गरम होता.

"जीजीचा नवरा निघताना म्हणाला होता, काही होत नाही. ती बिचारी त्या शब्दावर आठ दिवस निवांत झोपली... मला तसली झोप नको. तुम्ही निघाल त्या दिवशी मला खरं सांगून निघायचं. कबूल असेल, तर बापूजींकडे परत माणूस पाठवा."

"कबूल."

"आणि पाठीचं माप पाठवा. वाटमारे काय समोरूनच येतात?"

याही वेळी माठ न घेताच ती निघाली. करणसिंग माठासाठी हाक मारणार होता, पण सुभाषचंदाने त्याचा हात धरला.