करंजीचा घाट, एका दमात

भिंगारच्या नाक्यावरून पाथर्डी रस्त्याला लागलं की डाव्या हाताला पत्र्याची शेड दिसते. तिच्यावर 'गोरक्षनाथ मोटार वर्क्स' अशी पाटी आहे. पाटी मी स्वतः रंगवली आहे. अठरा वर्षं फौजेत रणगाड्यांचे गिअरबॉक्स खोलले आणि बसवले, मग पेन्शन घेऊन इथंच राहिलो. माझ्या हातून गेलेली गाडी त्याच तक्रारीसाठी परत आली, असं आजवर झालेलं नाही. ही बढाई नाही. म्हणजे आहे बढाईच, पण खरी आहे.

१९७३ च्या फेब्रुवारीत तिसगावचे आप्पासाहेब त्यांची जपानी गाडी घेऊन आले. गाडीच्या आधी तिचा वास आला. जळक्या क्लचचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही. मी हातातला चहा ठेवला आणि टपरीवरच्या मंडळींना म्हणालो, "बघा, आलं गिऱ्हाईक."

चार दारांची, मोतिया रंगाची, लांबलचक गाडी होती. आप्पासाहेबांनी ती मुंबईला एका वकिलातीच्या लिलावात घेतली होती. अख्ख्या जिल्ह्यात तशी दुसरी नव्हती, आणि आप्पासाहेब ती चालवत नसत, मिरवत असत. वकिलातीतल्या कुणा हौशी साहेबानं तिचं मूळ इंजिन काढून मोठं सहा सिलिंडरचं घातलं होतं. क्लच आणि तीन गिअरचा बॉक्स मात्र जुनाच ठेवला होता. पैलवानाला शाळकरी पोराच्या चपला घालाव्यात, तसला प्रकार.

"मिस्त्री," आप्पासाहेब म्हणाले, "चार म्हैन्यांत पुन्याच्या लोकांनी दोन प्लेटा घातल्या. दोनी जळाल्या. करंजीचा घाट चढंना ही. मोरीच्या फुडच्या वळनावर आली की इंजिन बोंबलतंय आन् गाडी जागची हालत न्हाई."

"मग घरून इथवर कशी आली?"

उत्तर त्यांच्या ड्रायव्हरनं, सूर्यभाननं दिलं. हा अंगानं किरकोळ, बोलणं मोजकं. "थांबतो. मागलं दार उघडून लाकडी ठोकळा काढतो, चाकाला लावतो. इडी वढून व्हईस्तवर थांबतो. मग ठोकळा आत टाकून निघालं की सरळ चढती."

"क्लच गार झाला की पुन्हा पकडतो. त्यात नवल काय?"

"नवल न्हाई. पर तितं समदेच थांबत्यात, मिस्त्री. ट्रकवाले बी. मागलं फाळकं पाडत्यात, परत लावत्यात, मग निघत्यात. यष्टीचा कंडाक्टर बी दार उघडून लावतो."

"कशाला?"

"इंजिन गार कराया."

"फाळकं पाडून इंजिन गार होतं होय रे?"

टपरीवरची माणसं हसली. सूर्यभान हसला नाही. "पयल्यापास्नं तसंच हाय," एवढंच म्हणाला.

मला हसू आलं आणि रागही आला. ड्रायव्हर मंडळींना विडी ओढायला निमित्त लागतं आणि त्या निमित्ताचीही रीत होऊन बसते, हे मी फौजेतही पाहिलं होतं. मी सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं, "आप्पासाहेब, चार गिअरचा बॉक्स घालतो, क्लच नवा घालतो. करंजीचा घाट एका दमात, कुठंही न थांबता चढवून दाखवतो. नाही चढली तर ही पाटी मी माझ्या हातानं उतरवीन." पंधरा माणसांनी ते ऐकलं. संध्याकाळपर्यंत भिंगारभर झालं.

गाडी खोलली तेव्हा प्लेट कोळसा झालेली होती आणि फ्लायव्हीलवर निळे डाग पडले होते. मला हवं ते उत्तर तिथं लख्ख दिसत होतं. इंजिनाचा जोर मोठा, प्लेट आठ इंची, चढावर ती घसरणारच. यात वळणाचा आणि मोरीचा काही संबंध नव्हता.

पुढचे बावीस दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. फौजेच्या लिलावातला चार गिअरचा एक दणकट बॉक्स माझ्याकडे तेलात जपून ठेवलेला होता. त्याचं आणि जपानी इंजिनाचं तोंड जुळत नव्हतं, म्हणून मधे बसवायला बोटभर जाडीची लोखंडी प्लेट कापली. तिची भोकं लेथवर तीनदा तपासली. फ्लायव्हीलला नवी भोकं पाडून दहा इंची क्लच बसवला. क्लचची प्लेट अगदी मध्यावर बसली नाही तर सगळी मेहनत पाण्यात जाते, त्यासाठी बाभळीच्या लाकडाचा खोटा शाफ्ट कातून घेतला. तो आरपार सुळकन गेला तेव्हा शेडमध्ये मी एकटाच होतो, तरी मोठ्यानं "वा!" म्हणालो. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा अडीच इंच कापून पुन्हा जोडला. स्टिअरिंगखालचा गिअर काढून तो खाली, पायाशी आणला. लिव्हरला शिसवीची मूठ केली. चारही गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडत होते. इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं, आणि हे मला काम चालू असतानाच कळत होतं. असं सुख फार वेळा वाट्याला येत नाही.

होळीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही निघालो. चालवायला मी, शेजारी सूर्यभान. मागच्या सीटवर मधोमध, दोन्ही हात पसरून आप्पासाहेब. दुष्काळाचं वर्ष होतं. मेहेकरीपासून पुढं रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग आणि त्यांच्यामागं डोक्यावर पदर घेऊन हातोड्या मारणाऱ्या बाया. घाट उतरलो, करंजीत चहा घेतला. मी हातानंच चाकाच्या वरची फट मोजली. मागच्या चाकावर आठ बोटं. सवय आहे मला, गाडी चढायला काढण्याआधी ती किती बसली आहे हे मी पाहतोच.

मग तोंड फिरवलं आणि घाटाला लागलो.

तिसऱ्या गिअरवर गाडी अशी काही चढू लागली की आप्पासाहेब मागून "आरं तिच्या!" म्हणाले. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. इंजिनाचा आवाज एकसारखा, पेडलखाली सगळं घट्ट. उजवीकडे उघडे डोंगर, डावीकडे दरी, खाली करंजीची घरं लहान होत चाललेली. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू?

मोरी आली. मोरीपुढं वळण, आणि वळणावर बारा-पंधरा बाया खडी फोडत बसलेल्या. एक ट्रक कडेला उभा होता. त्याचा क्लीनर मागचं फाळकं लावत होता. मी हॉर्न देऊन बाजूनं काढली.

तेवढ्यात गाडी मागून बसली.

खड्डा नव्हता. धक्काही नव्हता. मागं कुणी सावकाश पोती भरत जावं, एकावर एक, तशी ती बसत गेली. बॉनेट वर आलं. समोर रस्ता कमी आणि आभाळ जास्त दिसू लागलं. स्टिअरिंग हातात हलकं झालं. इंजिनाचा आवाज खाली खाली जाऊ लागला.

मी दुसरा टाकला. क्लच सोडला. तो पकडला.

वास नाही. घसरणं नाही. गाडी हळू झाली, पण थांबली नाही.

"मिस्त्री, थांबा," सूर्यभान म्हणाला. त्याचा हात दाराच्या कडीवर होता.

"गप बस."

खडीच्या ढिगामागून एक म्हातारी उठली. हातोडी तशीच हातात. ती गाडीबरोबर चार पावलं चालली आणि ओरडली, "आरं दादा, दार उघड! मागलं दार उघड!"

मी आरशात पाहिलं. मागं आप्पासाहेब होते. दुसरं कुणी नव्हतं.

पायाखाली क्लच दगडासारखा घट्ट होता. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहिलो.

माथा आला. एका दमात.

सपाट रस्ता लागल्यावर गाडी वर येईल असं मला वाटलं होतं. आली नाही. भिंगारपर्यंत प्रत्येक उंचवट्यावर सायलेन्सर खाली घासत होता. सूर्यभान पुढं बघत बसला होता. आप्पासाहेब एकटेच बोलत होते, माझं कौतुक करत होते.

शेडपाशी चाळीसेक माणसं जमली होती. कुणी हार आणला, कुणी पेढे. मी उतरून आप्पासाहेबांचं दार उघडलं, तर ते जवळजवळ माझ्या अंगावरच पडले. अख्खी सीट मोकळी सोडून ते या दाराला चिकटून, अंग चोरून बसले होते.

"असे का बसलात?"

त्यांनी वळून सीटकडे पाहिलं. "सरकलो आसन वळनावर," ते म्हणाले आणि हार घालून घ्यायला पुढं झाले.

ते उतरले, तरी गाडी उचलली नाही. मी चाकाच्या वर हात घातला. तीन बोटं. डिकी उघडली. आत स्टेपनी आणि लाकडी ठोकळा.

लोक बघत होते. कुणीतरी म्हणालं, "मिस्त्री, मागनं बसलीया का वो?" त्या शब्दानं माझं डोकं फिरलं. माझ्या कामात खोट काढायची, तीही त्या दिवशी! मी पलीकडं गेलो आणि मागचं दुसरं दार सताड उघडलं. "या, बघा. काय आहे आत?"

स्प्रिंगचे पाटे करकरले. माझ्यासमोर गाडी हळूहळू वर आली. तीन बोटांची आठ बोटं झाली.

बाकीच्यांना सीटचं रेक्झिन दिसलं, गिअरची शिसवी मूठ दिसली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. सूर्यभाननं त्याच्याकडची चावी माझ्या हातात ठेवली आणि तो चालत नाक्याकडं, एसटीच्या थांब्यावर गेला. पुन्हा त्यानं आप्पासाहेबांची गाडी चालवली नाही.

गाडीचं पुढं सोनं झालं. महिनाभरात तिनं तो घाट तीस वेळा चढला, दर वेळी न थांबता, तिसऱ्या गिअरवर, हलकी फूल. बीड आणि शेवगावहून लोक मला विचारत आले. अभिमानानं सांगतो, अजूनही येतात.

शेड बंद करून मी रोज संध्याकाळी सायकलनं घरी जातो. शेवटी एक चढ आहे. त्या दिवसानंतरच्या तिसऱ्या संध्याकाळी चढाच्या तोंडाशी पायडल जड झालं. मागचं टायर चपटं होऊन रस्त्याला टेकलं होतं. सकाळीच हवा भरली होती. मी उतरलो नाही, तसाच चढवला. बायको, साळूबाई, ओट्यावर उभी होती.

"डबलशीट कुनाला आनलंत?"

मी रिकामा कॅरिअर दाखवला.

"मग चाक का येवढं बसलंय?" ती म्हणाली, आणि मी उतरल्यावर आधी कॅरिअरवरून हात फिरवून मगच आत गेली.

आठ दिवस असंच झालं. नवव्या दिवशी करंजीला जाऊन घाट चढणाऱ्या एसटीत बसलो. कंडक्टरनं वळणावर दार उघडलं, तेव्हाच मी उतरलो. ती म्हातारी तिथंच होती. भीमाबाई तिचं नाव. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि विचारलं, हे काय आहे.

"आमाला काय ठावं? तीन म्हैनं झालं, हितं खडी फोडतोय. समदे थांबत्यात, दार उघडत्यात, जात्यात. तुमी न्हाई थांबला."

"मग?"

"मग काय. नेलं तुमी."

"काय नेलं?"

तिनं पुढचा दगड पायाशी ओढला. "परत द्याचं आसंल तर हितंच आना. त्याच गाडीतनं आना. थांबा, दार उघडा, गुमान जा."

परतीच्या एसटीत मी विचार केला. आप्पासाहेबांकडून गाडी मागायची, सीट मोकळी ठेवायची, त्या वळणावर बायांच्या आणि ट्रकवाल्यांच्या देखत थांबायचं. अर्ध्या तासाचं काम. पण दुसऱ्या दिवशी टपरीवर काय बोललं गेलं असतं ते मला पाठ होतं. गोरक्ष मिस्त्रीच्या क्लचची गाडी मोरीपुढच्या वळणावर थांबली. चाळीस माणसांनी घातलेला हार मला दिसत होता. माझं नाव जाऊ द्यायला मी तयार नव्हतो. आजही नाही.

मी सायकलच्या मागच्या चाकाला जाड तारा घातल्या. टायर मालवाहू सायकलचं टाकलं. कॅरिअरला खालून पोलादी पट्टी मारली. चढ आता रोज चढतो, एकदाही पाय न टेकता. साळूबाई ओट्यावरून बघते.

परवा मात्र चढाशी आलो आणि मागचं चाक हलकं लागलं. वळून पाहिलं. टायर गोल, कॅरिअर गप्प. गेलं, असं वाटलं. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. मी जोरात दोन पायडल मारली.

हँडल जड झालं. पुढचं टायर रस्त्याला टेकलं होतं.

पुढच्या दांड्यावर कुणाला बसवलं की सायकल चालवणाऱ्याचे गुडघे आपोआप बाहेर फाकतात. मी खाली पाहिलं. माझे फाकलेले होते.